ब्युर्सा : एका बालेकिल्ल्याचे नाव आणि त्याचा इतिहास

१

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, ट्युनिस शहराच्या ईशान्येस, समुद्रापासून थोड्याच अंतरावर एक टेकडी आहे. तिची उंची साठ मीटरांच्या आतबाहेर भरते. सह्याद्रीतील डोंगरी किल्ले पाहिलेल्या मराठी वाचकास ती केवळ एक उंचवटा वाटेल. परंतु भोवतालचा प्रदेश सखल असल्यामुळे, खालची बंदरे आणि आखाताचे पाणी ह्यांवर नजर ठेवण्यास तेवढी उंची पुरेशी होती. फिनिशियन लोकांनी वसविलेल्या कार्थेज नगराचा बालेकिल्ला ह्या टेकडीवर होता, आणि ग्रीक व रोमन ग्रंथकारांनी त्याचे नाव 'ब्युर्सा' असे नोंदविले आहे.

कार्थेजचा इतिहास सामान्यतः रोमशी झालेल्या तीन युद्धांच्या अनुषंगाने सांगितला जातो. त्यात ब्युर्साचा उल्लेख दोन प्रसंगी येतो. पहिला प्रसंग नगराच्या स्थापनेचा. त्या ठिकाणी बैलाच्या कातड्याची प्रसिद्ध कथा येते. दुसरा प्रसंग इ. स. पू. १४६ मधील विध्वंसाचा. त्याच्या शेवटी नगराच्या भूमीत मीठ पेरल्याची तितकीच प्रसिद्ध गोष्ट जोडली जाते. ह्या दोन्ही कथा कार्थेजकरांनी सांगितलेल्या नाहीत. पहिली एका ग्रीक शब्दातून निघाली आहे, आणि दुसरीस तर प्राचीन ग्रंथांचा आधारच नाही. ह्या दोन कथांच्या मध्ये सहाशेपेक्षा अधिक वर्षांचा काळ आहे. त्याच्याविषयी प्रत्यक्ष टेकडी काय सांगते, आणि तिचे नाव काय सांगू शकते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

नगराचे मूळ नाव कार्त-हदश्त. फिनिशियन भाषेत त्याचा अर्थ 'नवे नगर'. ग्रीकांनी त्याचे कार्खेदोन केले, रोमनांनी कार्थागो केले. पुढे रोमनांनी स्पेनमधील कार्थेजकरांच्या वसाहतीस 'नवे कार्थागो' म्हटले, तेव्हा त्या नावाचा शब्दशः अर्थ 'नवे नवे-नगर' असा झाला! मूळ शब्दाचा अर्थ लोपला, की असे होतेच. ह्या नावाबाबत मात्र शंकेस जागा नाही, कारण त्यातील दोन्ही पदे सेमिटिक भाषांत सर्वपरिचित आहेत.

ब्युर्साची गोष्ट निराळी आहे. पॉम्पेयस ट्रोगस ह्याच्या बृहद्ग्रंथाचा जस्टिनने केलेला जो संक्षेप आज उपलब्ध आहे, त्यात कथा येते ती अशी : टायरची राजकन्या एलिसा आपल्या भावाच्या लोभापासून पळून आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागली. थकलेल्या सोबत्यांना विसावा मिळावा एवढ्यासाठी, एका बैलाच्या कातड्याने झाकता येईल तेवढी जमीन तिने विकत मागितली. सौदा ठरल्यावर तिने त्या कातड्याच्या अतिशय बारीक वाद्या कापविल्या आणि त्यांनी मोठा भूभाग वेढून घेतला. म्हणून त्या जागेचे नाव ब्युर्सा पडले. व्हर्जिलने आपल्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात ही कथा ओझरती आणली आहे. ॲपियनने कार्थेजच्या युद्धांच्या वृत्तान्ताचा आरंभच तिने केला आहे.

कथेची किल्ली एका शब्दात आहे. 'ब्युर्सा' ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे. टायरहून आलेली स्त्री आणि आफ्रिकेतील स्थानिक लोक ह्यांच्यातील व्यवहारावरून पडलेले नाव ग्रीक भाषेत असण्याचे कारण नाही. म्हणजे ही कथा जिने रचली, ती जीभ ग्रीक बोलणारी होती. ग्रीक आणि कार्थेजकर ह्यांचा सर्वांत निकटचा, आणि बहुधा वैराचा, सहवास सिसिली बेटावर घडला. अशा कथांचा उगम तेथे शोधणे स्वाभाविक ठरते.

कपटाने जमीन मिळविल्याची ही कल्पना केवळ कार्थेजपुरती मर्यादित नाही. स्टिथ थॉम्पसन ह्याच्या लोककथांतील कल्पनाबंधांच्या सूचीत तिला स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे. चीनमधील मिंग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात हीच युक्ती फिलिपाइन्समधील लुझोन बेटावर आलेल्या युरोपीयांच्या नावे सांगितली आहे. समुद्रमार्गाने येऊन जमिनीचा लहान तुकडा मागणारा आणि पाहता पाहता मालक होणारा परका, अशी ज्याची प्रतिमा झाली, त्याच्यावर ही कथा लादली जाते. ती एलिसाच्या चातुर्याची प्रशंसा करते असे वरवर पाहता वाटते. परंतु तिच्या पोटात आरोप दडलेला आहे.

३

हा आरोप कागदोपत्रीही वापरला गेला, आणि येथे ही कथा केवळ मनोरंजनाचा विषय राहत नाही. इ. स. पू. २०१ च्या तहानंतर रोमच्या परवानगीवाचून युद्ध करण्याचा अधिकार कार्थेजला उरला नव्हता. ह्या स्थितीचा लाभ घेऊन शेजारचा न्युमिडियाचा राजा मासिनिस्सा कार्थेजच्या मुलखात हात घालू लागला. इ. स. पू. १९३ मध्ये सुपीक अशा एम्पोरिया प्रदेशाचा वाद रोमन सिनेटपुढे आला. लिव्हीने त्या प्रसंगी दोन्ही पक्षांचा युक्तिवाद दिला आहे. न्युमिडियन वकिलांच्या म्हणण्याचा आशय असा, की कार्थेजकर हे मुळात परके. कापलेल्या कातड्याने वेढता येईल तेवढीच जागा त्यांना नगर बांधण्यासाठी कृपेने देण्यात आली होती. तेव्हा ब्युर्साबाहेर त्यांच्याजवळ जे काही आहे, ते बळजबरीने आणि अन्यायाने मिळविलेले आहे.

एका नावाची ग्रीक व्युत्पत्ती अशा रीतीने एका राष्ट्राच्या भूमीवरील हक्काविरुद्धचा पुरावा ठरली. रोमने पाहणीसाठी आयोग पाठविला. त्यात हॅनिबलचा पराभव करणारा स्किपिओ स्वतः होता. आयोगाने निर्णय कोणत्याच बाजूने दिला नाही आणि प्रकरण लोंबकळत ठेवले. लिव्हीने दिलेली भाषणे शब्दशः तशीच झाली असे कोणी मानणार नाही. तथापि लिव्हीच्या वाचकांना तो युक्तिवाद संभाव्य वाटत होता, एवढे तरी त्यावरून निश्चित होते. अशा अनिर्णित वादांची मालिका वाढत गेली, आणि इ. स. पू. १४९ मध्ये सुरू झालेल्या शेवटच्या युद्धास तिने निमित्त पुरविले.

४

मग ह्या नावाची खरी व्युत्पत्ती कोणती? सतराव्या शतकात सॅम्युएल बोशार व इतर हिब्रू जाणणाऱ्या विद्वानांनी फिनिशियन नावांकडे सेमिटिक भाषांच्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला. तेव्हापासून एक उपपत्ती सामान्यतः स्वीकारली जात आली आहे. हिब्रूत ब-स़-र असा धातू आहे. (येथे स़ ह्या चिन्हाने सेमिटिक भाषांतील जड, कंठाकडे ओढलेला 'स' दर्शविला आहे.) दुर्गम करणे, तटबंदी करणे असा त्याचा अर्थ. 'मिबस़ार' म्हणजे दुर्ग. आणि बायबलच्या यहोशवाच्या पुस्तकात खुद्द टायर नगरास हेच विशेषण लाविलेले आढळते. ह्याच धातूपासून 'बोस़रा' हे नाव आले आहे. त्या नावाचे एक नगर प्राचीन एदोममध्ये होते, आणि दुसरे सीरियात आहे. कार्थेजच्या टेकडीचेही नाव मुळात असेच काही असावे, आणि ग्रीकांच्या तोंडी त्याचे 'ब्युर्सा' झाले असावे, असे मानले जाते.

ह्यासाठी 'स़-र' ह्या वर्णांचा क्रम उलटून 'र-स' झाला, असे धरावे लागते. असा वर्णविपर्यय अस्वाभाविक नाही. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात वाराणसीचे वाणारसी आणि महाराष्ट्राचे मरहट्ठ ही रूपे नोंदविली आहेत. 'मराठी' हे नावच अशा विपर्ययातून आलेले आहे. ह्याहून जवळचा दाखला विदर्भातील आहे. हेमचंद्र अचलपुराचे अलचपुर असे रूप देतो. पुढे एलिचपूर हे रूप रूढ झाले, आणि मग ते नगर एल नावाच्या राजाने वसविले, अशी आख्यायिका त्या रूपास येऊन चिकटली. आधी वर्ण बदलले, नंतर बदललेल्या रूपास शोभेल असा संस्थापक निर्माण झाला. ब्युर्साच्या बाबतीत नेमका हाच क्रम घडलेला दिसतो.

स्वरव्यंजनांचा हिशेबही बऱ्याच अंशी जुळतो. ग्रीकांना जड 'स़' परका होता, आणि तो त्यांनी कधी 'त' असा, तर कधी 'स' असा घेतला. स़ूर ह्या नगराचे त्यांनी त्युरोस केले, पण स़िदोनचे सिदोनच ठेवले. ग्रीक शब्दातील 'यु' ह्या स्वराचा जुना उच्चार 'उ' असा होता. सीरियातील बोस़राचे नाव इ. स. पू. चौदाव्या शतकातील अमार्ना पत्रांत 'बुस़्रुना' असे आढळते. म्हणजे 'ओ'च्या जागी पूर्वी 'उ' होता, ह्यासही पुष्टी मिळते.

तथापि येथे थांबून दोन अडचणी मांडणे अवश्य आहे, कारण पाठ्यपुस्तकांत ही व्युत्पत्ती सिद्ध झाल्याप्रमाणे सांगितली जाते. पहिली अडचण अन्त्य वर्णाची. हिब्रूत स्त्रीलिंगी नामांचा मूळचा अन्त्य 'त' गळून 'आ' उरला. फिनिशियन भाषेने तो 'त' जपला; कार्त-हदश्त ह्या नावातच तो दोनदा दिसतो. तेव्हा फिनिशियन रूप 'बोस़रा' असे नसून तकारान्त असावयास हवे, आणि ग्रीक रूपात त्या 'त'चा मागमूस नाही. दुसरी अडचण तुलनेतून निघते. सीरियातील बोस़रा ग्रीकांनी घेतले तेव्हा त्याचे 'बोस्त्रा' झाले. मध्ये 'त' शिरला, पण वर्णांचा क्रम उलटला नाही. मग कार्थेजमध्येच तो का उलटावा?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोकव्युत्पत्तीच्या स्वरूपात सापडते. परकीय नाव कानी पडताच श्रोता आपल्या भाषेतील जवळच्या शब्दाकडे ते ओढून नेतो. 'बोस्त्रा'च्या जवळ असा कोणताही ग्रीक शब्द नव्हता. 'ब्युर्सा'च्या जवळ तो तयार होता. कातड्याच्या ग्रीक शब्दाने मूळ नावास आपल्या साच्यात बसविले, मूळचा अन्त्य 'त' असल्यास तोही त्याच ओढीत गळला असणे शक्य आहे, आणि साच्यात बसलेल्या नावाने कथा मागितली. हे विवेचन संभाव्य आहे, सिद्ध नाही. अक्कादी 'बिर्तु' आणि अरामी 'बिर्ता' हे दुर्गवाचक शब्दही तुलनेस घेता येतात. परंतु तेथील 'त'चा 'स' कसा झाला, हे सांगणे त्याहून कठीण पडते.

निर्णायक पुरावा एकच ठरू शकला असता : टेकडीचे नाव देणारा प्यूनिक लेख. फिनिशियन लिपीचे वाचन माल्टातील द्विभाषिक लेखाच्या साहाय्याने जे. जे. बार्तेलेमी ह्याने १७५८ मध्ये साधले. तेव्हापासून कार्थेजमध्ये हजारो लेख मिळाले आहेत. परंतु त्यांतील बहुसंख्य लेख नवसाचे आहेत. देवतेचे नाव, नवस करणाऱ्याचे नाव आणि त्याच्या वाडवडिलांची नावे ह्यापलीकडे ते जात नाहीत. १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखात रस्ता बांधल्याची हकीकत आहे. त्यात 'नवा दरवाजा' आणि 'नगराचा सखल भाग' असे उल्लेख येतात. नगराचे रहिवासी आपल्या नगराच्या भागांविषयी कसे बोलत, ह्याची ही दुर्मिळ खूण होय. सखल भागाचे नाव अशा रीतीने हाती लागले. उंच भागाचे लागले नाही.

कार्थेजचे ग्रंथही असेच गेले. प्लिनी सांगतो, की नगर पडल्यावर तेथील ग्रंथसंग्रह रोमनांनी आफ्रिकेतील संस्थानिकांना वाटून टाकले. अपवाद केला तो मागो ह्याच्या कृषिविषयक अठ्ठावीस पुस्तकांचा; त्यांचे सिनेटच्या आज्ञेने लॅटिन भाषांतर करविण्यात आले. शेतीचे ज्ञान विजेत्यांच्या उपयोगाचे होते. इतिहासाचे नव्हते.

५

शब्द जेथे थांबतात तेथून पुढे टेकडीकडे वळावे लागते. कथेप्रमाणे नगराचा आरंभ ब्युर्सावर झाला. उत्खननाने मिळालेले चित्र ह्याहून वेगळे आहे. ग्रीक इतिहासकार तिमाइओस ह्याने दिलेला स्थापनेचा काळ इ. स. पू. ८१४ किंवा ८१३ असा येतो, आणि कार्बन-१४ पद्धतीने मिळालेले अलीकडील कालनिर्णय नवव्या शतकाशी विसंगत नाहीत. परंतु सर्वांत जुनी घरे सापडली ती टेकडीचा पूर्वेकडील पायथा आणि समुद्र ह्यांमधील भागात. टेकडीच्या दक्षिण उतारावर मात्र इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराच्या कबरी मिळाल्या. मृतांना वस्तीबाहेर पुरण्याचा रिवाज लक्षात घेतल्यास, नगराच्या पहिल्या शतकांत निदान हा उतार जिवंतांच्या वस्तीचा नव्हता, असा निष्कर्ष निघतो.

१९७२ नंतर युनेस्कोच्या आवाहनावरून कार्थेज वाचविण्याची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात सेर्ज लान्सेल ह्यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच पथकाने ह्या उताराचे थर उलगडले. तळाशी कबरी, त्यांच्यावर लोहारकामाच्या भट्ट्यांचे अवशेष, आणि सर्वांत वर इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी आखणी करून बांधलेली घरे. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे, उताराच्या ठिकाणी पायऱ्या असलेले. घरे लहान व एकमेकांस लागून असलेली, आणि प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. युद्धात हरलेल्या आणि जबर खंडणी भरणाऱ्या नगराने हा नवा मोहल्ला उभारला होता. इ. स. पू. १९६ मध्ये हॅनिबल नगराच्या सर्वोच्च अधिकारपदावर होता. त्या काळाशी ही बांधणी जुळत असल्यामुळे त्या भागास 'हॅनिबलचा मोहल्ला' असे नाव पडले आहे.

ही घरे सुमारे अर्धशतकच नांदली. इ. स. पू. १४६ च्या वसंतात स्किपिओ एमिलियानसचे सैन्य बंदराकडून आत शिरले. पॉलिबियस ह्या वेढ्यात स्वतः उपस्थित होता, आणि त्याच्या आज लुप्त झालेल्या वृत्तान्तावर ॲपियनचे वर्णन बहुतांशी आधारलेले आहे. चौकापासून ब्युर्साकडे चढणाऱ्या तीन रस्त्यांच्या दुतर्फा सहा मजल्यांपर्यंतची घरे होती. ती एकेक करून जिंकावी लागली. गच्च्यांवरून फळ्या टाकून सैनिक पुढे सरकले, आणि शेवटी वाट मोकळी करण्यासाठी घरे माणसांसह पेटविण्यात आली. सहा दिवस आणि सहा रात्री हे चालले. सातव्या दिवशी बालेकिल्ल्यातून पन्नास हजार स्त्रीपुरुष शरण आले. रोमन सैन्यातून फुटून गेलेल्या सुमारे नऊशे जणांना अभय नव्हते. ते माथ्यावरील एश्मून देवाच्या मंदिरात राहिले. मंदिरास साठ पायऱ्या होत्या असे ॲपियन नमूद करतो. कार्थेजचा सेनापती हास्द्रुबाल गुपचूप शरण गेला. त्याच्या पत्नीने त्याचा धिक्कार करून मुलांसह पेटत्या मंदिरात देह ठेविला. एलिसाही कथेत चितेवरच मरण पत्करते. नगराच्या आदीस आणि अंती अशी एकेक अग्निप्रविष्ट स्त्री येते. ह्या साम्यास इतिहासाचा किती आणि रचनेचा किती आधार आहे, ह्याचा निर्णय जपून करावा लागतो.

मिठाच्या गोष्टीबाबत मात्र निर्णय सोपा आहे. पॉलिबियस, लिव्ही, ॲपियन ह्यांपैकी कोणाच्याही नावे तिचा आधार दाखविता येत नाही. बायबलमध्ये अबीमलेखाने शखेम नगर जिंकून तेथे मीठ पेरल्याचा उल्लेख आहे. तेथून ही कल्पना कार्थेजवर आली असावी. विसाव्या शतकातील प्रतिष्ठित इतिहासग्रंथांनी तिला आधारावाचून स्थान दिले, हे आर. टी. रिडले ह्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. कातड्याची कथा जशी जुनी, तशी मिठाची कथा नवी. परंतु दोहोंचे बळ एकच आहे : ऐकणाऱ्यास त्या इतक्या समर्पक वाटतात, की मूळ आधार पाहण्याची गरज भासत नाही.

६

टेकडीवर खरा घाव घातला तो मिठाने नव्हे, तर पुनर्बांधणीने. इ. स. पू. १२२ मध्ये गायस ग्राकस ह्याने तेथे वसाहत नेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे ज्युलियस सीझरच्या योजनेनुसार आणि ऑगस्टसच्या हस्ते, इ. स. पू. २९ च्या सुमारास, रोमन कार्थेज उभे राहिले. नव्या नगराच्या आखणीचा मध्य ब्युर्साच्या माथ्यावर धरण्यात आला. प्रशस्त चौक व सार्वजनिक इमारती ह्यांसाठी सपाटी हवी होती. म्हणून टेकडीचा माथा तासून काढण्यात आला, आणि निघालेली माती व राडारोडा उतारांवर लोटून, भक्कम आधारभिंतींनी तो रोखून, विस्तीर्ण ओटा तयार करण्यात आला. ह्याच वर्षांत व्हर्जिल एलिसाची कथा काव्यात गुंफीत होता.

ह्याचा परिणाम दुहेरी झाला. एश्मूनचे मंदिर आणि त्याच्या पायऱ्या जेथे होत्या, ती जागाच आता अस्तित्वात नाही. माथ्यावर कितीही खोल खणले तरी प्यूनिक बालेकिल्ला सापडणे शक्य नाही. उलट उतारावरील जळक्या घरांवर जो भराव पडला, त्याने त्यांना जवळजवळ दोन हजार वर्षे सुरक्षित ठेवले. दुर्गाचा नाश झाला आणि दुर्गाच्या सावलीत राहणाऱ्या सामान्य माणसांची टाकी, उंबरे आणि फरशा उरल्या.

टेकडीवर परकीयांना जमीन देण्याचा प्रसंग पुढे एकदा खरोखरच आला. फ्रान्सचा राजा नववा लुई १२७० मध्ये ट्युनिसवरील स्वारीत मरण पावला होता. त्याच्या स्मारकासाठी १८३० मध्ये ट्युनिसच्या बेने फ्रान्सला येथे जागा दिली. १८४१ मध्ये तेथे लहान प्रार्थनामंदिर झाले, १८८१ मध्ये देश फ्रेंच संरक्षणाखाली गेला, आणि १८९० मध्ये टेकडीवर भव्य कॅथीड्रल पुरे झाले. कार्थेजच्या पुरातन वस्तूंचे पहिले पद्धतशीर संकलन करणारे फादर देलात्र ह्याच धर्मपीठातील होते. ट्युनिशिया १९५६ मध्ये स्वतंत्र झाल्यावर, १९६४ मध्ये ही वास्तू राष्ट्राच्या स्वाधीन झाली. १९७९ मध्ये कार्थेजच्या अवशेषांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

७

मराठीतील 'बालेकिल्ला' हा शब्द फारसी 'बाला' म्हणजे 'वरचा' ह्यावरून आला आहे, हे सांगता येते, कारण मूळ भाषेचे ग्रंथ उपलब्ध आहेत आणि तो शब्द घेणाऱ्या समाजाचे दप्तरही शाबूत आहे. ब्युर्साबाबत ही दोन्ही साधने तुटली आहेत. नाव उरले ते ग्रीक कानांनी ऐकलेले आणि लॅटिन लेखणीने जपलेले. त्यावरून नगर कोणी व कसे वसविले, हे कळत नाही; ते नाव कोणी ऐकले, कोणत्या भाषेत ऐकले आणि ऐकून काय समजून घेतले, एवढेच कळते. स्थलनामांच्या अभ्यासकास ही मर्यादा नवी नाही. ती विसरल्यास काय होते, ह्याचे उदाहरण मात्र इ. स. पू. १९३ च्या त्या वादात आहे. कातड्याच्या शब्दावरून रचलेली कथा तेथे जमिनीच्या दाव्यात पुरावा म्हणून उभी राहिली, आणि ज्यांच्याविरुद्ध ती वापरली गेली, त्यांच्या भाषेतील मूळ नाव कोणीही लिहून ठेविले नाही.